ब्रेकमधलं पेट्रोल

हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी घरी आली की पहिला महिनाभर बहुतेकांचा एकच खेळ चालतो. गाडी नुसत्या मोटरवर चालते आहे हे सांगणारा डॅशबोर्डवरचा हिरवा ईव्ही दिवा विझू द्यायचा नाही! पाय पिसासारखा हलका, मागे हॉर्नची रांग, गाडी ताशी पंचवीसच्या पुढे जाईना, पण दिवा पेटलेला. मग टाकी भरताना हिशेब होतो आणि ॲव्हरेज अपेक्षेपेक्षा दोन-तीन किलोमीटरनी कमी निघतं. ज्या गाडीला चार्जिंगची वायरच नाही, तिच्या बॅटरीतली वीज शेवटी पेट्रोलमधूनच येते, हे त्या खेळात विसरलं जातं. इंजिनाने जनरेटर फिरवायचा, वीज बॅटरीत जायची, तिथून मोटरकडे, मोटरकडून चाकाकडे. प्रत्येक टप्प्यावर थोडी गळती. मुद्दाम बॅटरी उपसायची आणि मग इंजिनाने ती भरून काढायची, म्हणजे पाणी एका बादलीतून दुसरीत ओतत राहण्यासारखं आहे; दर वेळी थोडं सांडतं.

बॅटरीत खऱ्या अर्थाने फायद्याची वीज येते ती थांबताना आणि उतरताना. साध्या गाडीत जो वेग ब्रेक पॅड तापवून हवेत जातो, तो इथे मोटर उलटी जनरेटरसारखी चालून परत मिळवते. हायब्रिडचं ॲव्हरेज ॲक्सिलरेटरपेक्षा ब्रेकच्या पायावर ठरतं, ते यामुळेच. पुढचं सगळं पुण्याहून कोल्हापूर, निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली करत सावंतवाडीला जाऊन परत येण्याच्या रस्त्यावरचं आहे. शहर, हायवे, चढ, मोठा उतार आणि कोकणातले वरखाली रस्ते असे सगळे प्रकार एकाच टाकीत येतात, म्हणून हा रस्ता चांगला.

गाडी टोयोटा हायरायडर किंवा मारुती ग्रँड विटाराची स्ट्राँग हायब्रिड (नुसत्या मोटरवरही चालू शकणारी) धरू; दोन्हींत यंत्रणा एकच आहे. दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, ५९ किलोवॅटची मोटर, आणि बॅटरी फक्त ०.७६ किलोवॅट-अवर, म्हणजे पाऊण युनिट. तीही पूर्ण वापरली जात नाही. आयुष्य टिकावं म्हणून यंत्रणा तिला तळ गाठू देत नाही आणि काठोकाठ भरूही देत नाही. वापरायला हाती राहतं साधारण निम्मं. मीटरवर बॅटरी फुल दिसते तेव्हाही खिशात सुटे पैसेच असतात, तिजोरी नसते. ४५ लिटरची टाकी आणि एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेचा लिटरला २७.९७ किलोमीटरचा आकडा. तो प्रयोगशाळेतल्या ठरावीक चक्राचा आहे, रस्त्यावरचा नाही. त्याच्या मागे लागू नये.

मोजण्यापासून सुरुवात. टाकी फुल करताना नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होतं तिथेच थांबायचं. ‘राउंड फिगर करू का?’ असं पंपावर हमखास विचारतात, नको म्हणायचं. त्या राउंड फिगरमध्ये अर्धा-एक लिटर इकडेतिकडे होतो आणि सगळा हिशेब चुकतो. शिवाय काठोकाठ भरलेलं पेट्रोल बाष्प साठवणाऱ्या कॅनिस्टरमध्ये शिरून तो खराब होऊ शकतो. परतल्यावर त्याच पंपावर, शक्यतो त्याच मशीनवर, गाडी त्याच बाजूला कललेली असताना भरायचं. ट्रिप मीटर शून्यावर.

टायरची हवा आदल्या रात्री नको, निघायच्या सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चालायच्या आत तपासायची. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. चार माणसं आणि डिकीभर सामान असेल तर त्यातला भरलेल्या गाडीचा आकडा घ्यायचा. गरम टायरमध्ये मोजून ‘हवा जास्त आहे’ म्हणून काढून टाकणं ही नेहमीची चूक. थंड झाल्यावर तोच टायर चार पीएसआयने कमी भरतो आणि गाडी चिखलात ओढल्यासारखी चालते. वरचा कॅरिअर रिकामा असेल तर घरी काढून ठेवावा. हायवेवर तो वाऱ्याला अडवतो आणि त्याची किंमत पेट्रोलमध्येच मोजावी लागते.

सकाळी स्टार्ट केल्यावर पहिली काही मिनिटं बॅटरी भरलेली असली तरी इंजिन चालू होतं. धुरावर प्रक्रिया करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि कूलंट तापवायचं काम चाललेलं असतं. ते थांबवायला ईव्ही बटण दाबून उपयोग नाही, यंत्रणा सरळ नकार देते. जागेवर उभं राहून गाडी ‘गरम’ करण्यातही अर्थ नाही. लगेच निघायचं आणि पहिले दोन किलोमीटर बेताने चालवायचे, म्हणजे चालूच असलेलं इंजिन निदान गाडी तरी पुढे नेतं. रोजच्या वापरात याच कारणाने छोट्या फेऱ्या ॲव्हरेज खातात. दुधाला दीड किलोमीटर, मग घरी, तासाने बँकेत, परत घरी, म्हणजे दर वेळी थंड इंजिन. सगळी कामं एका फेरीत घ्यावीत आणि सर्वांत लांबचं ठिकाण आधी गाठावं. तिथपर्यंत इंजिन तापतं, आणि परतताना जवळजवळच्या थांब्यांना ते बंद राहू शकतं.

स्वारगेट ते कात्रज या पट्ट्यात सिग्नल, बस, रिक्षा आणि दुचाकी यांचा जो काला असतो, तो हायब्रिडसाठी अडचण नसून कमाईची जागा आहे. फक्त थांबायची पद्धत बदलावी लागते. हिशेब बघा. माणसं-सामान धरून गाडी १६०० किलोची. ताशी ५० वरून १०० मीटरांत थांबायचं असेल तर सुरुवातीला साधारण २० किलोवॅट ताकद ब्रेकमध्ये जाते, आणि ती मोटर आरामात झेलते. तीच गाडी २५ मीटरांत थांबवली तर आकडा ८० च्या वर जातो. मोटरच ५९ किलोवॅटची, आणि इवलीशी बॅटरी तर त्याहून कितीतरी कमी वेगाने वीज गिळू शकते. उरलेलं काम चाकातले ब्रेक करतात आणि तेवढं पेट्रोल उष्णता होऊन उडून जातं.

म्हणून दूरवर लाल दिवा दिसला की पाय ॲक्सिलरेटरवरून उचलायचा. डॅशबोर्डवरच्या चार्ज, इको आणि पॉवर अशा भागांच्या मीटरची सुई चार्जच्या भागात उतरते. मग ब्रेकवर पाय नुसता ठेवायचा, सुई चार्जच्या पट्टीच्या टोकाला टेकू द्यायची नाही, आणि लांबून, सारख्या दाबाने गाडी हळू आणायची. शेवटच्या दहा-एक किलोमीटर वेगाला मोटरचा जोर संपतो आणि साधे ब्रेक ताबा घेतात, तिथे कसलीही करामत चालत नाही. स्पीडब्रेकरचंही तेच. आपल्याकडे रंग न मारलेले स्पीडब्रेकर गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे ओळखीच्या रस्त्यावर कुठे पाय उचलायचा हे पाठ होऊन जातं.

पुढच्या गाडीपासून अंतर ठेवलं की त्यात रिक्षा घुसणार, हे गृहीत धरावं. घुसू द्यावं. मात्र अंतर ठेवायचं म्हणून रस्ता अडवून पंचवीसने रेंगाळणं हा प्रकार करू नये. मागच्या दहा गाड्यांचं पेट्रोल जाळून आपलं अर्धा किलोमीटर वाढवण्यात काही हशील नाही.

सिग्नल सुटल्यावर उलट चूक होते. हळू सुरुवात करावी म्हणून लोक पन्नासच्या वेगाला पोचायला अर्धा मिनिट घेतात. या गाड्यांतलं ॲटकिन्सन पद्धतीचं इंजिन इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करतं. आत घेतलेल्या हवेतली थोडी परत जाते आणि स्फोटानंतरचा फैलाव आवळण्यापेक्षा लांब होतो, म्हणजे त्याच थेंबातून जास्त काम. पण हे इंजिन मध्यम ओझ्यावर खूश असतं, अगदी रिकामं फिरताना नाही. तेव्हा ताशी पंधरा-वीसच्या वेगापर्यंत मोटरवर, आणि इंजिन सुरू झालं की ठामपणे, सुई इकोच्या वरच्या टोकाजवळ ठेवून हव्या त्या वेगाला पोचायचं. पॉवरच्या भागात जायचं नाही. वेग आला की पाय क्षणभर पूर्ण उचलायचा, इंजिन बंद पडतं, आणि मग पाय अलगद परत ठेवायचा, एवढाच की वेग टिकेल. ही उचल-टेक हाताला, म्हणजे पायाला, बसायला आठवडाभर लागतो.

सिग्नलला गिअर न्यूट्रलमध्ये टाकायची जुनी सवय इथे सोडून द्यावी. न्यूट्रलमध्ये बॅटरी चार्ज होत नाही. एसी चालू ठेवून दोन-तीन लांब सिग्नल न्यूट्रलमध्ये काढले तर बॅटरी खाली येते आणि पुढे इंजिनाला तेवढी जास्त मजुरी पडते. डीमध्ये ब्रेक धरून थांबावं, फार वेळ असेल तर पी. उतारावर न्यूट्रल तर मुळीच नको, कारण मिळायची ती वीजही जाते आणि गाडीवरचा ताबाही.

कात्रज ओलांडून हायवेला लागलं की हायब्रिडची खासियत बरीचशी संपते. थांबणंच नाही तर परत मिळवायचं काय? इथे वारा मालक. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो; ८० च्या ऐवजी १०० ने गेलं तर तो दीडपटीहून जास्त, १२० ला सव्वादोन पट. पुणे-कोल्हापूर सुमारे २३० किलोमीटर धरले तर कागदावर ८० आणि १०० मध्ये पस्तीसेक मिनिटांचा फरक पडतो. टोलनाके, रस्त्याची कामं आणि चहा धरला तर प्रत्यक्षात वीस. त्या वीस मिनिटांची किंमत प्रत्येकाने आपली ठरवावी. आमच्या मते ८० ते ८५ ही जागा बरी: सपाटीवर इंजिन अधूनमधून बंदही पडतं, आणि ट्रकमागे रखडावं लागत नाही. समृद्धीवर १२० ची परवानगी आहे म्हणून हीच गाडी १२० ने नेणारे नंतर ‘हायब्रिडचं ॲव्हरेज सतराच पडलं’ म्हणून तक्रार करतात, त्यात गाडीचा दोष नाही.

क्रूझ कंट्रोल सपाट रस्त्यावर ठीक. खंबाटकीसारखा चढ आला की ते बंद करावं. ठरवलेला वेग टिकवायचा म्हणून ते चढावर जोर लावतं आणि माथ्यावर तोच वेग घेऊन पोचतं. पायाने चालवलं तर चढाच्या आधी थोडा वेग घेता येतो, चढावर पाच-दहा किलोमीटरनी उतरू देता येतो, आणि माथा गाठायच्या शंभर मीटर आधी पाय सोडता येतो. चढावर इंजिन एकाच सुरात ओरडत राहतं. या गाडीच्या गिअरबॉक्सला, म्हणजे ई-सीव्हीटीला, ठरावीक गिअर नाहीत, त्यामुळे वेग आणि आवाजाचा मेळ बसत नाही. नव्या माणसाला वाटतं क्लच गेली. क्लच नाहीच मुळी.

इको मोडबद्दल फार भ्रम आहे. तो ॲक्सिलरेटरचा प्रतिसाद मवाळ करतो आणि एसी थोडा आवरतो, इतकंच. पाय ताब्यात असेल तर नॉर्मलमध्येही तेच ॲव्हरेज येतं. ओव्हरटेकच्या वेळी मात्र इकोमध्ये पेडल खोल दाबावं लागतं आणि अंदाज चुकतो. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या चालू असतात त्या दिवसांत कोल्हापूरच्या बाजूला नॉर्मलच बरा.

निपाणीहून आत वळल्यावर आजऱ्यापर्यंत रस्ता वळणावळणाचा, आणि पुढे आंबोलीचं पठार. या सगळ्या प्रवासातला सर्वांत मोठा डाव इथे आहे. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर. घाट उतरून सावंतवाडीकडे जाताना सहाशे मीटरच्या आसपास उंची कमी होते. १६०० किलोच्या गाडीत त्या उंचीची साठलेली ऊर्जा अडीच युनिटांहून जास्त. वारा, टायरचं घर्षण आणि यंत्रणेतली गळती वजा केली तरी जे उरतं ते बॅटरीच्या रिकाम्या जागेहून कितीतरी जास्त. म्हणजे बॅटरी घाटात वाटेतच भरणार, आणि उरलेला घाट वाया जाणार. तो पूर्ण वाचवता येत नाही. जागा करून ठेवली तर थोडा जास्त पदरात पडतो. म्हणून माथ्यावर पोचताना बॅटरी निम्म्याच्या खाली असावी. आंबोली गावातून जाताना, जिथे वेग तसाही चाळीसच्या आत असतो, हलक्या पायाने मोटरवरच जायचं. ईव्ही बटणाचा खरा उपयोग असलेली ही एकच जागा म्हणा ना.

घाटात सुरुवातीला डीमध्येच राहायचं. पाय उचलून आणि ब्रेक हलका धरून तीस-चाळीसने उतरलं की बॅटरीच्या कांड्या चढताना दिसतात. ती भरली की एकदम इंजिनाचा आवाज वाढतो. घाबरू नये, पेट्रोल जात नाहीये. वीज ठेवायला जागा नाही म्हणून यंत्रणा तिच्यावर मोटर चालवून इंजिन नुसतं फिरवते आणि जादा ऊर्जा त्यात मुरवते. तात्कालिक ॲव्हरेजचा पट्टा तेव्हाही पूर्ण भरलेला दिसतो.

आता गिअरच्या दांड्यावरचा बी लावायचा. बी म्हणजे बॅटरी, असा समज फार पसरलेला आहे, आणि त्यापायी लोक सपाट रस्त्यावरही दिवसभर बीमध्ये चालवतात. टोयोटा पद्धतीच्या यंत्रणेत बी म्हणजे ब्रेक, इंजिनाचा ब्रेक. त्यात इंजिन लवकर फिरायला लागतं आणि जी वीज बॅटरीत गेली असती त्यातली काही तिथेच खर्च होते. म्हणून बॅटरीत जागा असेपर्यंत डी, आणि ती भरल्यावर, लांब उतारावर चाकातले ब्रेक तापू नयेत म्हणून बी. पावसाळ्यात आंबोलीला धुकं, ओला रस्ता आणि धबधब्यापाशी उभ्या गाड्या असतात. तिथे कांड्या मोजत बसू नये, सरळ बी लावून गाडी आवाक्यात ठेवावी. होंडा सिटीच्या हायब्रिडमध्ये स्टिअरिंगमागच्या पॅडलने वेग किती जोरात उतरावा ते ठरवता येतं. त्या गाडीला वरचा नियम जसाच्या तसा लावू नये.

खाली कोकणातला रस्ता म्हणजे अर्धा किलोमीटर चढ, अर्धा किलोमीटर उतार, वळण, साकव, परत चढ. सावंतवाडी ते बांदा आणि पुढे गोव्याकडे जाताना ठामपणे वेग घ्यायचा आणि मग सोडायचा, ही पद्धत आपोआप जमते: चढ इंजिनावर, माथ्यावरून पाय सोडून उतार फुकट. चुकतं कुठे, तर उतारावर वेग वाढतोय म्हणून खाली पूलावर जोरात ब्रेक मारला जातो तिथे. उतार सुरू होतानाच हलका ब्रेक धरला तर तीच ऊर्जा पुढच्या चढाला मोटरकडून परत येते.

एसी. हायब्रिडमध्ये कॉम्प्रेसर पट्ट्यावर नसून विजेवर चालतो, त्यामुळे इंजिन बंद असताना गाडी थंड राहते, पण वीज बॅटरीची जाते. उन्हात उभ्या गाडीचा एसी १८ वर लावला तर एक किलोवॅटच्या वर सहज खातो. बॅटरीत वापरायला तिसरा-चौथा हिस्सा युनिट असताना पंधरा-वीस मिनिटांत ती रिकामी होऊन इंजिन उभ्या उभ्या सुरू होणार. दारं उघडून दोन मिनिटं गरम हवा घालवावी, मग एसी लावावा, आतली हवा फिरवणारं बटण दाबावं, आणि २५-२६ वर ठेवावा. थंडीत उलटा प्रकार. महाबळेश्वरला पहाटे हीटर लावला की इंजिन बंदच पडेना, कारण हीटरची उष्णता इंजिनाच्या कूलंटमधून येते. काच धुरकटली असेल तर ती साफ होईपर्यंतच लावावा.

बॅटरीला स्वतःचा वारा लागतो. तिच्या पंख्याची जाळी कुठे आहे ते गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेलं असतं. तिच्यावर पिशव्या, उश्या, पावसाचे जॅकेट टाकू नयेत, आणि सर्व्हिसिंगला त्या जाळीचा फिल्टर साफ करून घ्यावा. गरम बॅटरी वीज घ्यायला आणि द्यायला कुरकुरते. विदर्भात मे महिन्यात दिवसभर उन्हात उभी गाडी संध्याकाळी कमी ॲव्हरेज देते त्यात याचा वाटा असतो. इंजिन ऑइलही पुस्तिकेत सांगितलेल्या पातळ ग्रेडचंच. ‘आपल्याकडच्या गरमीला जाडच चांगलं’ हा गॅरेजमधला सल्ला या इंजिनांना लागू नाही.

परतीला आंबोली चढताना मीटर बारा-तेरावर येतो आणि जीव खालीवर होतो. बॅटरी पहिल्या काही वळणांत संपते, पुढचा सगळा भार इंजिनावर. तिथे करण्यासारखं एवढंच: वळणात शिरताना इतका वेग उतरवू नये की बाहेर पडताना परत पेडल खोल दाबावं लागेल. तीस-पस्तीस सारखे ठेवले तरी पुरे. फक्त जाण्याचं किंवा फक्त येण्याचं ॲव्हरेज सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. उंची उधार असते, दोन्ही बाजू मिळून हिशेब लागतो.

पुण्यात त्याच पंपावर, ऑटो कटला थांबून. समजा ८६८ किलोमीटर झाले आणि ३७.४ लिटर बसलं, तर ॲव्हरेज २३.२. डॅशबोर्ड २४.३ दाखवत असेल. हा चार-पाच टक्क्यांचा फुगवटा बऱ्याच गाड्यांत दिसतो, आणि तो एकदा कळला की पुढे मनातल्या मनात वजा करता येतो. जुन्या टाक्यांशी तुलना करताना पेट्रोलही बघावं: २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये लिटरमागे ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के कमी, आणि १० टक्केवाल्यापेक्षा साडेतीन. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या वहीतला आकडा आज येत नसेल तर आधी हे वजा करावं.

आणि एक, कोकणातून आल्यावर. इतका हलका ब्रेक वापरला की चाकातले पॅड महिनोन्महिने झिजत नाहीत. पण खारी हवा आणि पाऊस लागून डिस्कवर गंज धरतो. दुसऱ्या दिवशी रिकामा रस्ता बघून, मागे कोणी नाही याची खात्री करून, साठच्या वेगावरून दोन-तीनदा घट्ट ब्रेक लावावा. बॅटरी भरलेली असताना लावला तर आणखी चांगलं, कारण तेव्हा मोटर मध्ये येत नाही. करकर थांबली की झालं.